चोवीस कॅरेट साखर

नातीच्या पहिल्या संक्रांतीला तिला दागिने घालायचे ठरले आणि घरात सोने एकमताने नापास झाले. एक तर सोन्याने दहा ग्रॅमला लाखाची वेस २०२५ सालीच ओलांडली. दुसरे म्हणजे आमची नात दहा महिन्यांची. या वयात माणूस वस्तूची किंमत ती तोंडात घालून ठरवतो. सोन्याची साखळी तिने गिळली तर आधी डॉक्टरकडे जावे लागणार, आणि डॉक्टरने ती काढून दिली की सोनाराकडे, वजन भरले का ते बघायला. तेव्हा जो चाटला तरी चालतो, किंबहुना चाटण्यासाठीच केलेला असतो, असा दागिना करायचा. हलव्याचा.

हा ठराव पुण्यात झाला असता तर तिथेच संपला असता. डिसेंबर सरत आला की पुण्यात काळ्या मखमलीवर टाचलेले मुकुट, बाजूबंद आणि जावयाची घड्याळे दुकानादुकानांतून लोंबू लागतात. पण आम्ही दोघे होतो बेंगळुरूला, मुलीकडे, जेपी नगरात. येताना उद्यान एक्स्प्रेसने अर्धा किलो हलवा आणला होता. डबा उघडला तेव्हा रात्रभराच्या हिंदकळण्याने त्याचे काटे झडून तळाशी पिठीसाखर झाली होती आणि वर उरला होता तो हलवा नव्हता, साबुदाणा होता.

"नवा करू," मी म्हणालो. "छत्तीस वर्षे टूलरूममध्ये काढली आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून मी माणसांशी भांडलो आहे. मला काय साखरेचा दागिना जमणार नाही?"

हे वाक्य मी मागे घेणार आहे. पण लेखाच्या शेवटी.

घरात अनुभवी माणूस नव्हते असे नाही. हलक्या मालाचे दागिने करण्याचा नाद मुलीला बेंगळुरूला आल्यापासूनच लागला. पहिला अंक रेशमी बांगड्यांचा. प्लास्टिकची साधी बांगडी घ्यायची, रंगीत दोऱ्याचे पंधरावीस पदर एकत्र धरायचे, मधे फट न ठेवता गुंडाळायचे, टोक गोंदाने बसवायचे आणि वर कुंदनाचे खडे. या दोऱ्याला सगळे 'सिल्क थ्रेड' म्हणतात. बेंगळुरूहून म्हैसूरच्या वाटेवर रामनगर लागते, तिथला रेशीमकोशांचा बाजार आख्ख्या आशियात नावाजलेला आहे. पण त्या किड्याची आणि या दोऱ्याची सहसा ओळखदेख नसते. दोरा बहुधा रेयॉनचा.

दुसरा अंक क्विलिंगचा. तीन मिलिमीटर रुंदीच्या कागदी पट्ट्या टोकाला फट असलेल्या सुईवर गुंडाळायच्या, चकती झाली की तिचे पोट बोटाने वर ढकलायचे, की झुमका तयार. मग आतून गोंद, बाहेरून व्हार्निशचे दोन हात. मुलीकडून दुसरा हात राहून गेला आणि ते झुमके घालून ती मे महिन्यातल्या एका संध्याकाळी बाहेर पडली. बेंगळुरूचा वळवाचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. परत आली तेव्हा तिच्या एका कानात झुमका होता आणि दुसऱ्या कानात रद्दी.

तिसरा अंक मातीचा. हा साऱ्या सोसायटीने पाहिला. माती चाळायची, मळायची, टूथपिकने नक्षी कोरायची आणि ओली असतानाच भोक पाडायचे. वाळल्यावर पाडायला गेले की एका कानातल्याची दोन होतात, पण जोडी जमत नाही. सावलीत चारपाच दिवस वाळवून मग भट्टी. भट्टी म्हणजे बाल्कनीतली जुनी कुंडी, लाकडाचा भुसा आणि ऑनलाइन मागवलेल्या गोवऱ्या. या शहरात गोवऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात आणि सोबत 'वस्तू कशी वाटली' म्हणून विचारणाही येते. शास्त्र असे, की भट्टीत हवा खेळती राहिली तर माती लाल भाजते आणि धूर कोंडला तर काळी. आमचा धूर कोंडला नाही. तो सातव्या मजल्यापर्यंत गेला. सहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर चौदा निरोप आले आणि सातव्या मिनिटाला सुरक्षारक्षक लाल नळकांडे घेऊन दारात. कुंडी थंड झाल्यावर पाहिले तर पाच कर्णफुले लाल, एक काळे. मुलीने एक लाल आणि एक काळे असे घालून दुसऱ्या दिवशी ऑफिस गाठले. तिथे दोघींनी विचारले, "अशी बेजोड जोडी आम्हालाही करून देशील?"

चौथा अंक खास बेंगळुरूचा. सदर पत्रप्पा रोडवर, म्हणजे एसपी रोडवर, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकाने खेटून उभी आहेत. तिथून मुलीने मूठभर रेझिस्टर आणले आणि तांब्याच्या तारेत ओवून कानातले केले. पुण्यात बायका एकमेकींना "कुठून घेतलेस गं?" असे विचारतात. इथे तिची मैत्रीण वाकून बघते आणि म्हणते, "पिवळा, जांभळा, लाल... चार हजार सातशे ओहम! सुंदर!"

तेव्हाच माझी पहिली मानहानी झाली. तिने मला दोन पकडी दिल्या, एक चपट्या तोंडाची, एक गोल तोंडाची, आणि कानातल्याची कडी उघडायला सांगितली. मी दोन्ही टोके धरून ओढली.

"बाबा, कडी ओढून उघडायची नसते. एक टोक पुढे, एक मागे, अशी पिळायची. ओढली की गोलाई जाते."

छत्तीस वर्षे टूलरूममध्ये असलेल्या माणसाला हे दोन पकडी घेतलेल्या मुलीने सांगावे, आणि ते बरोबर असावे! मी मग तारेच्या गेजकडे वळलो. निदान तिथे तरी मला कोणी शिकवणार नव्हते. नंबर वाढला की तार बारीक होते, वीस गेजची ०.८ मिलिमीटर, चोवीसची ०.५. हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "हो, म्हणून तर जाड तार वीसची घेतली."

या सगळ्यावर आमच्या हिचा अभिप्राय एकाच शब्दाचा असे. "खोटेच ना शेवटी!"

मराठीत सोन्याचे नसेल ते खोटे. पण हा शब्द मी टूलरूममधल्या सवयीने तपासायला घेतला आणि तो मापात बसेना. वारकऱ्याच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला कोणी खोटी माळ म्हणत नाही. हिरव्या चुड्याला कोणी खोटा चुडा म्हणत नाही, आणि तो तर निव्वळ काच. खुद्द हिच्या मंगळसूत्रात सोन्याच्या दोनच वाट्या आहेत. बाकी सगळे काळे मणी काचेचे, आणि मंगळसूत्र वाढवले, म्हणजे तुटले, तर जीव खालीवर होतो तो त्या मण्यांसाठी. मी हे हिला सांगितले. ही म्हणाली, "वाट्या कमी आहेत हे तुमच्या लक्षात आले, तेवढे बरे झाले." चर्चा तिथेच थांबली.

पण मला उत्तर चन्नपट्टणला सापडले. बेंगळुरूपासून साठेक किलोमीटरवरचे हे गाव लाकडी खेळण्यांचे, आपल्या सावंतवाडीचे कानडी मावसभावंड म्हणा ना. तिथे मणी आणि बांगड्याही होतात. लाकूड 'आले मर', म्हणजे आपला काळा कुडा, पांढरे आणि मऊ. ते लेथवर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासले की झळाळी. टूलरूममध्ये काम घर्षणाने तापले तर मी पोराच्या अंगावर ओरडत असे. इथे तोच आमचा गुन्हा कारागिरीचा पाया होता. मी लेथपाशी तासभर उभा राहिलो आणि शेवटी हिच्यासाठी एक बांगडी घेतली. सोने लाखाचे, ही लाखेची. एका मात्रेचा फरक, पण ही बांगडी सोन्यासारखे दिसण्याची धडपड करत नव्हती. लाकूड लाकूड होते, लाख लाख होती. दागिना सोन्याचा नाही म्हणून खोटा होत नाही, सोन्याचे सोंग घेतो म्हणून होतो.

हे तत्त्वज्ञान खिशात घालून आम्ही सामान आणायला मामूलपेटेत गेलो. ग्रीन लाइनच्या मेट्रोने चिक्कपेटेला उतरायचे आणि गर्दी नेईल तिकडे जायचे. बेंगळुरूच्या जुन्या पेठेतल्या या गल्ल्यांत मणी, लेस, टिकल्या, जरी, कागदी फुले यांची दुकाने अशी दाटली आहेत की समोरून येणाऱ्याला वाट द्यायची तर एखाद्या दुकानात शिरावे लागते. तिथल्या धंद्याचे रहस्य हेच असावे.

मी एका दुकानाच्या उंबरठ्यावर उभा राहिलो. मालक म्हणाला, "दारा बेका?" मला वाटले, दारातून बाजूला व्हा म्हणतोय. मी सरकलो. त्याने पुन्हा विचारले, "दारा?" मी आणखी सरकलो, तो शेजारच्या दुकानात पोहोचलो. मुलीने हाताला धरून परत आणले. कानडीत 'दारा' म्हणजे दोरा. मग त्याने विचारले, "सूजि बेका?" रवा इडलीचे माहेर असलेले हे शहर, मी ठामपणे सांगितले, रवा नको. 'सूजि' म्हणजे सुई. 'मणी' मात्र मणीच निघाला आणि मला इतका आनंद झाला की गरज नसताना दोन पाकिटे घेतली.

तिथे हिला एक चमचमता चोकर आवडला. "जर्मन सिल्व्हर," दुकानदार म्हणाला. मी जन्मभर धातूंशी खेळलेला माणूस. हिला बाजूला घेऊन सांगितले, यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी औषधालाही नसते. नावात मात्र सिल्व्हर. ज्याला खोटे म्हणावे ते हे. ही म्हणाली, "असू दे, छान दिसतंय," आणि घेतला. मातीला खोटे म्हणणाऱ्या बाईने भर बाजारात नावासकट खोटा दागिना निवडला. मी काही बोललो नाही. त्या दागिन्यात निकेल असते तसे संसारातही काही असते, त्याने खाज सुटते पण बोलायचे नसते.

मग घरी हलवा सुरू झाला. कृती ऐकायला सोपी. परातीत भाजलेले तीळ, खाली मंद आच, वरून अर्धा चमचा पाक, आणि तो सुकेपर्यंत बोटांनी हलवत राहायचे. सुकला की पुन्हा अर्धा चमचा. असे तासन् तास, दिवसामागून दिवस. मी पाकात थर्मामीटर बुडवला, वहीत रकाने आखले आणि संध्याकाळी व्हर्नियरने दाणा मोजला. दिवसभरात वाढ दोन दशांश मिलिमीटर. या वेगाने दागिने नातीच्या लग्नात घालता आले असते.

तिसऱ्या दिवशी मल्लेश्वरमहून विहीणबाई आल्या. आमचा संवाद हिंदीत होतो. दोघांचीही हिंदी अशी की नाते गोड राहते, कारण कोण काय बोलले याची खात्री कुणालाच नसते. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराच्या देवळाला आमच्या व्यंकोजीराजांनी १६६९ साली गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे, हे मी त्यांना दर भेटीत सांगतो. त्यांनी परातीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमच्या राजांनी गाव दिले, एखादा आचारीही द्यायचा."

त्या शेजारी उभ्या राहिल्या. मी पाक घातला. त्या घाईघाईने म्हणाल्या, "साकु, साकु!" मला ऐकू आले 'साखर'. मी आणखी एक चमचा घातला. "साकु!" आणखी एक. कानडीत साकु म्हणजे पुरे. परातीत आता हलवा नव्हता, तिळाची अखंड वडी होती, आणि ती मोजायला व्हर्नियर नव्हे, फूटपट्टी लागली असती.

विहीणबाईंनी पदर खोचला. त्या दर संक्रांतीला 'सक्करे अच्चु' करतात. लाकडी साच्यात पाक ओतून पोपट, मासे, देऊळ, तुळशीवृंदावन अशी साखरेची चित्रे. एळ्ळु-बेल्लाबरोबर, म्हणजे तीळगुळाबरोबर, ती घरोघर वाटतात आणि गोड बोला म्हणतात. तीच संक्रांत, तोच तीळ, तीच विनवणी. त्यांनी नवा पाक ठेवला, चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढली, लिंबू पिळले, थर्मामीटर उचलून सिंकमध्ये ठेवला आणि दोन बोटांत पाक धरून तार पाहिली. पहाटे, खिडकीतून गारवा येत असताना, त्या आणि आमची ही समोरासमोर बसल्या. एक पाक घालायची, एक बोटे फिरवायची. दोघींत सामाईक भाषा फक्त "अं हं" आणि "हं". दोन पहाटांत हलव्यावर काटे आले, पांढरेशुभ्र, कदंबाच्या फुलासारखे. मी वहीतला रकाना रिकामाच ठेवला.

दागिने गुंफायचे काम माझ्याकडे आले. हलव्याला भोक नसते. मी सर्वांत बारीक ड्रिलने पाडून पाहिले, दाणा दुभंगला. खरी रीत ही, की दोऱ्याच्या दोन पदरांत दाणा धरायचा, पीळ द्यायचा, गाठ मारायची आणि पुढचा दाणा. काटे दोऱ्याला घट्ट धरतात. इतकी वर्षे मला वाटे, हलव्याला काटा शोभेसाठी असतो. तो पकडीसाठीही असतो, हे मला साठी उलटल्यावर कळले. मी कंबरपट्ट्याचे रीतसर ड्रॉइंग काढले, नातीची कंबर मोजली आणि दोन सेंटिमीटर वाढीव धरले. मोजल्यानंतर ती जेवली आणि वाढीव संपले. फेव्हिकॉल चालणार नव्हता, कारण दागिने तोंडात जाणार. तेव्हा चिकटवायला घट्ट पाक. हार झाला, बाजूबंद झाले, मुकुट झाला, आणि हाराच्या मधोमध पदक म्हणून विहीणबाईंचा साखरेचा पोपट.

मुंग्यांसाठी मी परातीत पाणी भरून मधे पालथ्या पातेल्यावर दागिने ठेवले, जंजिऱ्यासारखे. किल्ला अभेद्य ठरला. तरी सकाळी पोपटाला चोच नव्हती. चौकशीअंती ती मुंगीने नव्हे, जावयाने खाल्ल्याचे निष्पन्न झाले.

शेवटचा पेच काळ्या कपड्यांचा. तान्ह्या पोरीला सणाच्या दिवशी काळे झबले? विहीणबाईंचा चेहरा पडला. हिने मुलीकरवी त्यांना समजावले की आमच्याकडे संक्रांतीला एवढा एकच दिवस काळे चालते आणि त्यावर पांढरा हलवा उठून दिसतो. तोड निघाली, काळे झबले आणि त्याला हातभर लाल काठ. बोरन्हाण मात्र समजावून सांगावे लागले नाही. त्यांच्याकडेही संक्रांतीला मुलांच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे आणि नाणी ओततात. बोराला त्या 'यलचि हण्णु' म्हणतात, एवढाच फरक.

नात पाटावर बसली, मुकुटासकट. वरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे. सोसायटीतली पोरे तुटून पडली. नातीने आधी बाजूबंद ओढला आणि मी राखलेले सगळे काटे जिभेने घासून गुळगुळीत केले. असे फिनिशिंग आमच्या टूलरूममध्ये कोणाला जमले नव्हते. मग तिने पोपटाचे शेपूट मिळवले. शेजारच्या मुलाने कंबरपट्टा सोडवून नेला. नऊ दिवसांचे काम चाळीस मिनिटांत संपले आणि पाटावर उरला फक्त गाठींचा दोरा. विहीणबाई तिची चिकट हनुवटी पुसत म्हणाल्या, "चिन्ना!" आमची ही म्हणाली, "सोन्या गं माझ्या!" चिन्ना म्हणजे कानडीत सोने. त्या दिवशी घरात सोने आले ते एवढेच.

रात्री मी हिशेब मांडला. साखर, तीळ, दोरा, लिंबू, दूध आणि डिजिटल व्हर्नियरचा नवा सेल धरून एकूण खर्च चारशे दहा रुपये. जर्मन सिल्व्हरचा चोकर यात धरलेला नाही. तो हिने त्या दिवशी घातला होता, आणि दुसऱ्या दिवशी गळ्याला कैलास जीवन लावत बसली होती. मी तेव्हाही काही बोललो नाही.

आता सुरुवातीचे ते वाक्य मी मागे घेतो. साखरेचा दागिना मला जमला नाही. तो दोन बायकांना जमला. मी फक्त गाठी मारल्या.